दर सोमवारी पाणी काढणे

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार रीतीपुरता आहे, त्यात आणखी काही शोधू नकोस.

पिकअप बंद पडली. इस्पितळाच्या मळक्या चादरी भरून धुलाई कारखान्याकडे निघाले होते. चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बसली ती बसलीच. इथल्या पंपवाल्याने डिझेलचा पंप खोलला, तर आत गंज आणि बोटाला चिकटणारा पोलादाचा चुरा. तो म्हणाला, हा चुरा इंजेक्टरपर्यंत पोचलाय, आता नुसता पंप बदलून भागणार नाही, टाकीपासून सगळं धुवावं लागेल.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. आप्पांनी गाडी मला दिली तेव्हा तू थयथयाट करून अट घालून घेतलीस, की माझ्या हलगर्जीपणाने ती बसली तर तुझ्या गॅरेजात जमा व्हायची. म्हणून आधीच लिहिते. डॅशबोर्डवर तुझ्या हातचा कागद अजून चिकटलेला आहे, ‘दर सोमवारी पाणी काढणे’. चौदा महिन्यांत एक सोमवार चुकवला नाही, अंगात ताप होता तेव्हासुद्धा. गाडीच मुळात कुचकी होती आणि तू ती तपासून माझ्या गळ्यात मारलीस.

इस्पितळाने महिनाअखेरीपर्यंत वाट बघायचं कबूल केलंय, मग दुसरी गाडी लावणार. ही गाडी गेली तर मला पुन्हा कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहावं लागेल. सहा वर्षं उभी होते तिथे. आता मरून जाईन, पण तिथे जाणार नाही.

लोभ होता तेवढा पुरे.
छोटी

९ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ. मोठा आहे म्हणून द्यावे लागतात.

तू धडधडीत खोटं लिहितेस. वीस वर्षं मी डिझेलचे पंप खोलतोय. दर सोमवारी पाणी काढणाऱ्याच्या पंपात गंज चढत नाही. चौदा महिने सोड, चौदा वेळा तरी काढलंस का? लहानपणी दात न घासताच ब्रश ओला करून ठेवायचीस, तेच इथेही केलं असणार.

आप्पांना तुझं कौतुक फार. मुलगी असून गाडी चालवते म्हणून आल्यागेल्याला सांगत सुटतात. चालवणं म्हणजे स्टिअरिंग फिरवणं नव्हे, हे त्यांना आता कळेल. पाणी कशात काढायचीस, किती निघायचं, ते सविस्तर लिही. नाही लिहिता आलं तर गाडी टो करून माझ्याकडे पाठव.

मायेत खंड पडलाच आहे, वेगळा कशाला लिहू.
दादा

१३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. कपाळ मात्र टेकवलेलं नाही.

कशात काढायचे? बादलीत. इस्पितळाच्या मागच्या नळापाशी गाडी लावून, पाठीवर झोपून, रेडिएटरचा खालचा नळ सोडायचे आणि सगळं पाणी काढून वरून स्वच्छ भरायचे. पहिल्या सोमवारी तर हिरवंगार निघालं. शिसारी आली, तू गाडी कशी ठेवली होतीस ते तिथेच कळलं. तेव्हापासून नितळ निघतं. रखवालदाराला विचार. तो दर वेळी हसतो, म्हणतो, बाई गाडीला आतून आंघोळ घालतात.

गेल्या महिन्यात समोर थेंबाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तेव्हा मी गुरुवारीसुद्धा पाणी बदललं. याला हलगर्जीपणा म्हणणाऱ्याने स्वतःची जीभ तपासून घ्यावी.

आप्पांना मध्ये ओढू नकोस.
छोटी

१६ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र गॅरेजात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

अगं शहाणे, रेडिएटरचं नव्हे, डिझेलचं पाणी. डिझेलमध्ये थोडं पाणी येतंच. ते फिल्टरच्या बुडाशी साचतं. तिथे एक स्क्रू असतो, तो सैल करून पेलाभर सोडलं की झालं. पंपाला डिझेलचंच वंगण असतं. पाणी आत गेलं की वंगण जातं, पोलाद पोलादावर घासतं. तो पिवळा दिवा तेच ओरडून सांगत होता. आणि ते हिरवं पाणी म्हणजे कूलंट होतं, इंजिन थंड राहावं म्हणून मी नुकतंच भरलेलं. म्हणजे हलगर्जीपणा सिद्ध झाला आणि गाडी माझी झाली.

इथे पत्र संपवलं होतं. पाकीट दोन दिवस खिशात घेऊन फिरतोय. आज १८ तारीख.

तो कागद चिकटवत होतो तेव्हा तू शेजारच्या सीटवर बसली होतीस. वाचून तू बॉनेटकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, मग मान डोलावलीस. तुला कळलेलं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. विचारेल तर सांगू म्हणून थांबलो. तू विचारलं नाहीस आणि मला बरं वाटलं. मनात म्हटलं, वर्षभरात गाडी परत येईल.

हे आप्पांना आज फोन करून सांगितलं. त्यांनी ऐकून फोन ठेवला.

रविवारी पंप, फिल्टर आणि माझी दोन माणसं घेऊन येतो. टाकी खाली करून ठेव. गाडी तुझीच आहे.
दादा

२१ मार्च

ती. दादास,
नमस्कार अजून ठरवलेला नाही.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, हाताशी असतास तर पान्हाच घातला असता डोक्यात. अजूनही वाटतंय. चौदा महिने तू रोज सकाळी उठून न सांगण्याचं काम केलंस. माफ वगैरे मी करणार नाही, तशी आशा ठेवून येऊ नकोस.

पण एक लिहिते, कारण तू लिहिलंस. ‘पाणी’ म्हणजे कुठलं, हा प्रश्न तेव्हा माझ्या तोंडापर्यंत आला होता. तू हसशील म्हणून गिळला. नंतर दर सोमवारी पाठीवर झोपले की तोच प्रश्न पुन्हा यायचा आणि मी तो पुन्हा गिळायचे.

टाकी खाली केली आहे. रविवारी आलास की आधी तो स्क्रू दाखव. मी विचारीन, मूर्खासारखं विचारीन, दोनदा विचारीन. तू हसायचं नाहीस.
छोटी