बर्टचं जहाज

११ फेब्रुवारी १९६२, रविवार

झालं आमच्या टीव्हीवरच्या भागाचं चित्रण. स्टुडिओतले प्रेक्षक भलत्याच ठिकाणी हसले, हवं तिथे गप्प. शेवटी भाडेकरू बर्ट ट्रंक उचलतो, घरमालकीण मिसेस टॉलर त्याच्या खिशात सँडविच कोंबते – आणि तो ऑस्ट्रेलियाला जातो. तेव्हा पहिल्या रांगेतली एक बाई रडली. विनोदी कार्यक्रमात!

एकच सुटा भाग, म्हणून बर्टला बिनधास्त पाठवून दिलं. सिरिलही मे महिन्यात चाललाय. ॲडलेडजवळ, विधवा बहीण मेबलच्या जर्दाळूच्या बागेवर. रेडिओच्या दिवसांपासून आम्ही जोडीने लिहितो. हे शेवटचं.

२ मार्च

भाग काल दाखवला. सकाळी दूधवाला विचारत होता, "बाई, तो बर्ट पोचला का हो नीट?"

८ मार्च

टीव्हीच्या विनोदी विभागाच्या पेनफोल्डसाहेबांनी बोलावलं. या मोसमात असे बरेच सुटे भाग दाखवले. लोकांनी उचलून धरला तो आमचा. आता सहा भागांची मालिका हवी. सिरिलने नम्रपणे आठवण करून दिली की बर्ट देशात नाही.

"मग चुकवा त्याचं जहाज," साहेब म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवलं.

परतताना बसमध्ये सिरिल तिकिटाच्या घड्या घालत बसला. मी खिडकीकडे तोंड करून हसत होते.

१३ मार्च

माझ्या स्वयंपाकघरात बसलो. नेहमीसारखं – बाईची वाक्यं तो बोलतो, पुरुषाची मी. टाइपही मीच करते. जहाज कसं चुकवायचं? त्याने धुकं सुचवलं, गोदीतला संप, गोवर. मी सगळं खोडलं. संप मिटला की बर्ट निघणारच. दर आठवड्याला पुरेल असं कारण हवं.

"म्हणजे तिनेच थांब म्हणायला हवं," सिरिल म्हणाला.

"मग म्हण की. बाई तू आहेस."

तो उठून खिडकीपाशी गेला. तिच्या तोंडी ते बसत नाही, म्हणाला. चहा गार झाला.

२० मार्च

पान कोरंच.

२७ मार्च

आज टाइपरायटरवर झाकण घातलं आणि पात्राचं नाही, माझंच वाक्य म्हणाले, "सिरिल, जाऊ नकोस."

तो टोपी हातात फिरवत राहिला. मेबलला शब्द दिलाय, म्हणाला. पदरी तीन पोरं, छाटणीला माणूस नाही. तो शब्द काही त्याला मोडवणार नाही. मलाही ते ठाऊक होतं.

मग हळूच – "मलाही तुला काही विचारायचं होतं, ऑड्री. नोव्हेंबरपासून."

मी म्हटलं, विचार.

१७ मे

टिलबरी बंदर, जहाजात. मालिका आता दुसरी जोडी लिहितेय. बर्ट घरीच राहिला म्हणे. केबिनच्या दारावर आमची नावं – मिस्टर आणि मिसेस. भोंगा झाला. वर डेकवरून सिरिल हाक मारतोय.