ओटीपी कोणालाही सांगू नये

चि. सौ. धाकट्या वन्संबाईंना वहिनीचे आशीर्वाद. (वयाने तूच मोठी आहेस, पण आशीर्वाद नात्याने द्यायचे असतात, तेव्हा मुकाट्याने घे.) इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या आईचे गुडघे, तुझ्या बाबांचा आवाज आणि तुझ्या दादाची झोप, सगळं होतं तसंच आहे. माझी तब्येत तू विचारत नाहीस ते बरंच, कारण ती तुला माझ्या आधी कळते. जावईबापू मजेत असतील. तू कशी आहेस हे मी मुद्दाम नंतर विचारणार आहे.

फोन सोडून पत्र का, तर हल्ली फोनवर तू "हो का, बरं बरं" म्हणतेस आणि दूध उतू चाललंय म्हणून ठेवून देतेस. एवढं दूध कोण पितं गं तुमच्याकडे?

तर आता माझं रक्तपुराण. माझी पाळी म्हणजे मनात येईल तेव्हा येणार, नाही तर दोन-दोन महिने तोंड दाखवणार नाही, हे तुला माहीत आहे. (आता सगळ्या खानदानाला माहीत आहे, त्यावर येतेच.) तपासण्यांचं गणित मात्र घड्याळासारख्या बायकांसाठी केलेलं. एक रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी द्यायचं, तर माझा दुसरा दिवस हटकून रविवारी, लॅबला कुलूप. दुसरं एकविसाव्या दिवशी, बीज सुटलं की नाही ते कळायला. माझं बीज एकविसाव्या दिवशी अजून अंथरुणातसुद्धा उठलेलं नसतं. तरी मी आपली शहाण्यासारखी जाऊन हात पुढे करायची आणि रिपोर्टवर यायचं, कमी. पुन्हा कमी. प्रत्येक वेळी मी मोरीत नळ सोडून रडले. मग एक दिवस डॉक्टरीणबाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या की तुमची पाळी अनियमित आहे, तुम्हाला एकविसावा दिवस लागूच नाही, तुम्ही पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी या. म्हटलं, बरं, ती कधी येणार आहे ते तिला विचारून कळवते. त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

आता खानदानाचं. लॅबमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आत सुई टोचून घेत होते आणि बाहेर तुझा दादा माझं नाव-गाव सांगत होता. त्याचा फोन दुरुस्तीला, माझा नंबर त्याला पाठ नाही (लग्नाला सहा वर्षं!), म्हणून त्याने बाबांचा दिला. झालं! बाबांचा जन्म गेला बसस्थानकात माइकसमोर. सकाळच्या चहाला माझं थायरॉइड ते अशा थाटात वाचतात की शेजारच्यांनी पिशव्या उचलून रांगेत उभं राहावं. वाचून झालं की रिपोर्ट परिवाराच्या ग्रुपवर, चार अनुभवी माणसांचं मत घ्यावं म्हणून. मोठ्या काकांनी माझं प्रोजेस्टेरॉन स्वतःच्या साखरेशी ताडून पाहिलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली. मामींनी विचारलं की सूनबाई फार विचार करते का. (नाही हो, विचार करायला तुम्ही सगळे आहात ना.) तुझ्या दादाचीही तपासणी झाली. तो रिपोर्ट त्याच्या स्वतःच्या फोनवर आला, उत्तम आहे म्हणाला, आणि बघू म्हणून कोणी हात पुढे केला नाही.

मी नंबर बदलायला गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, जुन्या नंबरवर ओटीपी येईल, तो सांगा. घरी फोन लावला. बाबा म्हणाले, आलाय, पण खाली लिहिलंय की हा क्रमांक कोणालाही सांगू नये, म्हणून सांगता येत नाही. मी विनवण्या केल्या. माणूस नियमाचा पक्का! माझं गर्भाशय सतरा घरी पोचवलं, पण सहा आकडे काही बाहेर काढले नाहीत.

मग महिनाभरापूर्वी तो ग्रुप एकाएकी थंडावला. मला वाटलं, चला, लोकांना लाज वाटली.

गेल्या मंगळवारी मी आमच्या चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या डोळ्यांचा नंबर काढत होते. एक डोळा झाकलेला, नाकावर चाचणीची जड चौकट. ग्रुपवर बाबांनी एक फोटो टाकला. आदल्या दिवशीच माझी सोनोग्राफी झाली होती, तिचाच असणार म्हणून उघडला. काळ्या पडद्यात इवलंसं काहीतरी, शेंगदाण्याएवढं. असं असतं तर डॉक्टरीणबाई तेव्हाच बोलल्या असत्या, हे मला कळत होतं गं. तरी मी काउंटरवरचं भिंग फोनवर धरलं. मी हसत होते, असं आजोबा नंतर म्हणाले. मग भिंग वर सरकलं आणि कोपऱ्यातलं नाव दिसलं. तुझं.

तेवढ्यात मामींनी लिहिलं, अहो इकडे नाही, तिकडच्या ग्रुपवर टाका. मग फोटो गायब. मग भर दुपारी काकांनी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात घातली. आजोबा बिचारे एका डोळ्याने माझ्याकडे बघत बसले होते, दुसरा झाकलेलाच राहिला.

म्हणजे माझ्या रक्ताचा थेंबन् थेंब सगळ्यांना माहीत आणि तुझी बातमी तेवढी माझ्यापासून झाकायची, त्यासाठी वेगळा ग्रुप काढायचा. त्या रात्री जेवताना तुझ्या आईने मला दोनदा भाजी वाढली आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तुझ्या दादालाही ठाऊक होतं. "तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं," म्हणाला. त्रास काय असतो हे मला विचारून तरी ठरवायचंत.

असो. मनापासून अभिनंदन. काळजी घे, जड उचलू नकोस.

तुझी,
वहिनी

ता. क. वर "मनापासून" लिहिलंय ते खोटं आहे. मला हेवा वाटतो, तुझा रागही येतो, आणि तू लपवलंस याचा सगळ्यात जास्त. सासरच्या माणसांत मी तुला एकटीला मैत्रीण समजत होते.

ता. क. आता विचारते, कशी आहेस? ओकाऱ्या होतात का? सगळं सांग. ऐकता ऐकता मी फोन ठेवून दिला तर पुन्हा कर. दूध उतू चाललंय असं मीही म्हणेन, ऐकू नकोस.

ता. क. तो फोटो मला तू स्वतः पाठव. एकदाच पाहिला, तोही माझा समजून. आता तुझा म्हणून बघायचा आहे. जमेल की नाही ठाऊक नाही, पण पाठव.