काचेची धूळ

दि. १४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते आणि स्वेटर कपाटातून काढला आहे, म्हणजे तुमचे नेहमीचे प्रश्न संपले. पत्र घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून वहिनी फोन स्पीकरवर ठेवते आणि मग सगळं घर त्यात बोलतं. हे तुमचं तुम्हीच, गिऱ्हाईक नसताना वाचा.

आपल्या लेकीला, ठकूला, दात आल्याचं दादानं सांगितलं. तिनं तो आधी तुमच्या बोटावर चालवून पाहिला, हेही कळलं. दादा म्हणत होता, बाबा हल्ली पाळणाघर चालवतात, चष्मे हा जोडधंदा. दुपारभर तिला मांडीवर घेऊन तुम्ही फ्रेमचे स्क्रू कसे आवळता, हे मला एकदा बघायचं आहे. तसं बघायला यायला हवं. पण काम आहे.

हे काम नक्की काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत आणि मी 'संशोधन' एवढंच म्हणून सुटले होते. मी खोकले ऐकते. ठिकठिकाणच्या दवाखान्यांत लोक मोबाइलसमोर खोकतात, ते आवाज आमच्याकडे येतात आणि त्यावरून क्षय ओळखायला आम्ही संगणकाला शिकवतो. थुंकी द्यायला लोक लाजतात, खोकायला कोणी लाजत नाही. संगणक अजून शिकाऊ आहे, चुकतो. त्याला शंका आली की माणसाला थुंकीच्या तपासणीला बोलावतात, आणि खरं काय ते तिथेच कळतं.

आमची खोली लहान आहे. भिंतींना राखाडी स्पंज लावला आहे, खिडकी नाही. दार लावलं की आपलाच श्वास मोठा वाटतो. तिथे बसून मी खोकल्याच्या आगेमागे माणूस जे बोलला असेल ते कापते. नाव, शिवी, 'झालं का हो सिस्टर', काहीही. आवाजावरून माणूस ओळखता येतो आणि इथे कोणी ओळखला जाता कामा नये, या बोलीवरच लोकांनी खोकून दाखवलेलं असतं. तशी सही माझ्याकडूनही घेतली आहे. कोणी ओळखीचं वाटलं तर आमच्या प्रमुख मॅडमना सांगायचं. बाहेर कोणाला, अगदी त्या माणसालाही, एक शब्द बोलायचा नाही.

सही करताना मला काही जड गेलं नव्हतं. मला अक्षरं तुम्ही दुकानातल्या नजर तपासायच्या तक्त्यावर शिकवलीत, आणि गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर त्याच्या बायकोलाही सांगायचा नाही हे त्याच स्टुलावर बसवून शिकवलंत. शाळेत जायच्या आधीच मला गुपित म्हणजे काय ते कळत होतं.

मागच्या फोनवर मी वहिनीला म्हटलं होतं, घरात लहान मूल आहे, सगळ्यांनी एकदा छाती तपासून घ्या. ती हसायला लागली. सिनेमा अर्धवट टाकून गॅस बंद केला का ते बघायला घरी पळालेली मी, माझं काय मनावर घ्यायचं? मागून दादा ओरडला, तिला सांग, दाराच्या कड्यापण तपासून घेतो. तुम्हीही हसलात. ते हसणं खोकल्यात गेलं आणि मी फोन ठेवला. बाबा, मी उठसूट काळजी करून माझी काळजी इतकी स्वस्त केली आहे की आता ती कोणी फुकटही घेत नाही.

आता लिहिते.

गेल्या महिन्यात एक आवाज आला. आधी घसा खाकरणं, दार वाजवून आत यावं तसं. मग कोरडा खोकला, शेवटाकडे खाली उतरत गेलेला. आणि दम लागलेला असतानाच हलकेच, 'हं, चला.' कोणाला उद्देशून नाही, हातातल्या कामाला.

मी हा आवाज ऐकत मोठी झाले आहे. पडद्याच्या अलीकडे माझा अभ्यास, पलीकडे तुमचं काच घासायचं चाक. खोकला आला की चाक थांबायचं, मग 'हं, चला', मग चाक सुरू. आई म्हणायची, काचेची धूळ आहे ती. मग आपण सगळेच तसं म्हणू लागलो. घरात त्याला कोणी खोकला म्हटलंच नाही.

ते 'हं, चला' मी कापलं. कापायचंच होतं. उरला तो कोणाचाही खोकला असू शकला असता. पुढे संगणकानं त्यावर शंका दाखवली आणि काही दिवसांनी शेजारी शेरा आला, तपासणीला आला नाही.

चला म्हणणारी माणसं जगात काय कमी आहेत, अशी मी मनाची समजूत घातली. पण आमच्याकडे घरोघर जाऊन लोकांना बोलावून आणणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी खरं तर असं बोलायला नको, पण चहा पिताना त्या सांगू लागल्या, "एका बाबानं टाकीसमोरचा पत्ता दिलाय. तिथं घर कुठाय? गाड्या धुतात. माझ्या चपला भिजल्या फुकट." सगळे हसले, मीही हसले. तिथे पूर्वी आपलं घर होतं, ते पाडून गाड्या धुवायची जागा झाली, हे त्यांच्यात मला एकटीलाच माहीत होतं.

खोटं लिहिणं तुम्हाला जमत नाही. तुम्ही जुनं खरं लिहिलंत.

तेव्हा मला कळलं की तुम्हालाही कळलेलं आहे. कोणाला न सांगता तुम्ही दवाखान्यात गेलात, म्हणजे धुळीवरचा तुमचा विश्वास उडाला होता. आणि परत गेला नाहीत, कारण उत्तर वाईट आलं तर ठकूला तुमच्या मांडीवरून उचलतील. आई गेल्यानंतर तुम्ही पहिल्यांदा मोठ्यानं हसलात ते तिच्यामुळे, हे मी विसरलेले नाही. पण मांडीवर बसून ती तुमचाच श्वास घेते. एवढ्या लहान जिवाला हा आजार झाला तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तुम्हाला तो असलाच तर गोळ्या आहेत. बरेच महिने घ्याव्या लागतात, पण त्या नीट सुरू झाल्या की बहुतेकांचा दुसऱ्याला असणारा धोका काही आठवड्यांत ओसरतो. काही आठवडे, बाबा. तेवढेच तुम्ही तिच्यापासून दूर राहायला घाबरला आहात.

आणि मीही घाबरतच होते. म्हणून येत नव्हते. समोर बसून तुम्ही खोकलात तर माझं तोंड मला सांभाळता आलं नसतं. दादाला फोन करायला घेतला आणि वाजायच्या आत ठेवला. ज्यांनी आमच्या बोलीवर विश्वास ठेवला त्या सगळ्यांचे खोकले एका माझ्यामुळे वाया जातील, असंही वाटत राहिलं. त्या खोलीतून बाहेर पडले तरी स्पंज कानांवरच असायचा.

आज सकाळी मॅडमकडे गेले. एक आवाज ओळखला, एवढंच म्हणाले.

"नाव सांगू नकोस," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिल्या. "ऐकणारी राहा नाहीतर घरची राहा. दोन्ही जमणार नाही."

मी विचारलं, उद्या सांगितलं तर चालेल का.

"घरी कळवायचं असेल तर खोलीची किल्ली आज ठेव."

किल्ली ठेवली, काम सोडलं. त्यानंतरच कागद घेतला. तेव्हा वर जिथे 'ऐकते' लिहिलं आहे, तिथे 'ऐकत होते' असं वाचा. मॅडमनी पाठीवर हात ठेवला, पण थांब म्हणाल्या नाहीत. बरोबरच केलं त्यांनी.

शनिवारी सकाळी येते. घरी नाही, आधी दुकानात. आपण दोघं दवाखान्यात जाऊ आणि तुम्ही तिथे आताचा पत्ता द्याल. हे पत्र हातात पडल्यापासून ठकूला दुकानात आणायचं नाही, घरातही जवळ घ्यायचं नाही. वहिनीला काय कारण सांगायचं ते तुम्ही बघा, मी खोटं सुचवणार नाही. घरी तुम्ही स्वतः सांगावंत, मी नुसतं शेजारी उभं असावं, असं मला फार वाटतं. दुकान बंद दिसलं तर मी तशीच घरी जाईन आणि जो दार उघडेल त्याला सगळं सांगेन. 'ती वेळ माझ्यावर आणू नका' असं इथे लिहिलं होतं, ते खोडलं आहे. आणलीत तरी सांगेन.

प्रत्येक पत्राखाली 'आपली आज्ञाधारक' लिहावं, हेही तुम्हीच शिकवलंत. आज ते लिहिता येत नाही.

तुमची
मुलगी