आवरलेल्या हॉलची तपासणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यात आधी उगवली स्टेफा. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडीसुद्धा अजून गेली नव्हती, आणि ही दारात उभी. डोक्याला रुमाल, हातात बादली. म्हणे, परान्या, उद्या तुझी नात हॉल तपासायला यायची आणि तू अजून चहाच पितेस? तिच्यामागून येवका, मग आणखी दोघी-तिघी. दिवसभर हॉल घासला. चर्चशेजारचा आमच्या समाजाचा हॉल — लग्नं तिथेच, बारशी तिथेच, मयतीनंतरची जेवणं तिथेच. माझ्या लग्नात तिथल्याच जिन्यावर माझी टाच मोडली होती. बुटाची. नवऱ्याने काठीच्या मुठीने ठोकून बसवली, तेव्हाच कळलं माणूस कामाचा आहे.

नवी वही आहे तर नीट लिहिते. लारिसा माझी नात. बापाच्या, म्हणजे माझ्या बोहदानच्या, बॉयलरच्या धंद्यात तिने पुष्कळ पाने-पक्कड फिरवले. आता स्वतःचं काढलंय. मोठमोठ्या इमारतींत गॅस नि वीज कुठे वाया जाते ते हुडकायचं, लिहून द्यायचं, आणि त्या लिहून देण्याचेच पैसे घ्यायचे. एनर्जी ऑडिट म्हणतात. बोहदान हसतो. म्हणतो, पोरी, तपासणी फुकट करायची असते. ती गळाची अळी. मासा म्हणजे बॉयलर! त्याने ईस्टरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर जम बसला तर ठीक, नाहीतर गुमान परत दुकानात.

आणि पहिलंच काम आमचा हॉल. बिलं इतकी येतात की समितीत हॉल विकायच्या गोष्टी चालल्यात. पोरीची लाज आपल्या हातात — म्हणून घासला बाई, घासला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आल्या! लारिसा आणि तिची जोडीदारीण मारिसेल. मारिसेल फिलिपीनची. एवढीशी दिसते, पण शिडी खांद्यावर टाकून अशी चालते की बघत राहावं. मला आधी मिठी मारली, मग टोपी काढली. येताना भाताचा गोड केक घेऊन आली, केळीच्या पानावरचा. इथे या थंडीत केळीचं पान कुठे मिळालं ते विचारायचंच राहिलं.

त्यांनी पुढच्या दारात लाल कापड ताणून बसवलं, त्यात हा मोठा पंखा. पंखा हवा बाहेर ओढतो, आणि मग जिथे जिथे फट असेल तिथून थंड वारा आत शिरतो. मारिसेल हातातली धुराची कांडी घेऊन भिंतीभिंतीने फिरली. धूर वाकला की तिथे फट. लारिसाकडे एक कॅमेरा होता, त्यात गरम ते पिवळं आणि गार ते निळं दिसतं. मी त्यात बघितलं तर स्टेफाचं नाक निळं. तिला सांगितलं नाही.

स्टेफा नुसती चमकत होती. हॉल कसा लावून ठेवला होता! मागचं दार घट्ट बंद, चुलीवरचा धूर ओढणारा पंखा बंद, हीटर कमी केलेला. जुने दोन फ्रीजरसुद्धा बंद — त्यातलं सॉसेज रातोरात स्टेफाच्या तळघरात गेलं. पाहुण्यांना आपली उधळपट्टी कशाला दाखवायची? आम्ही सगळ्या कोट घालून बसलो आणि थंडी नाहीच असं दाखवलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लारिसा जेवायला आली नि जेवली नाही. कोबीचे रोल समोर तसेच. तिचा हिशोब जुळत नाही म्हणे. हॉल बघितला तर गरीब गायीसारखा आहे, फटी थोड्याच, बॉयलर ठणठणीत. मग बिलं एवढी कुठून? तीनदा मोजलं.

समितीचा अध्यक्ष नेस्टर. कधीकाळी रेल्वेत होता, अजून शिट्टी गळ्यात असल्यासारखा बोलतो. त्याने फोनवर तिला ऐकवलं की एकतर गॅस कंपनी चोर आहे, नाहीतर तुला बेरीज येत नाही. आणि लगेच बोहदानला फोन! बोहदान नव्या बॉयलरचा भाव घेऊन तयारच. माझा मुलगा आहे, पण कधीकधी वाटतं, कान पिळावा. उंच झालाय फार.

लारिसा म्हणाली, "आजी, पहिलंच काम आहे. हेच चुकलं तर दुसरं कोण देईल?"

मला हिशोबातलं कळत नाही. तिसरीनंतर शाळा बघितली नाही. रोल डब्यात भरून दिले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज पिरोहीचा दिवस. आता नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

दर गुरुवारी आम्ही बाया हॉलच्या स्वयंपाकघरात पिरोही करतो. पारी लाटायची, बटाटा-चीजचं सारण घालायचं, कडा चिमटायच्या, उकळत्या पाण्यात सोडायच्या. शुक्रवारी गावभर विकतो, त्यावरच हॉल चालतो. येवकाची चिमट अजून सुटते, दर वेळी दोन-चार पाण्यात फुटतात, दर वेळी ती म्हणते पीठच वाईट होतं.

तर चिमटत बसले होते आणि पाठीला गार लागलं. वळून बघते तर मागचं दार सताड उघडं, बटाट्याचं पोतं लावून. बाहेर नाकातले केस गोठतील अशी थंडी! चार पातेली उकळतायत, वाफेने जीव जातो म्हणून दार उघडं. वर पंखा घोंघावतोय, त्याच्या बटणावर चिकटपट्टी — बंद करू नये म्हणून. स्टेफा उघड्या दंडांनी घामाघूम. आणि गारठा ओळखून बॉयलर चालू करणारं ते हीटरचं बटण कुठे, तर त्या दाराच्या अगदी शेजारी! त्याला वाटतंय सगळा हॉल गारठलाय, म्हणून ते बॉयलरला ढोसतंय. वरच्या मजल्यावर पत्ते खेळणारे म्हातारे उकडून खिडक्या उघडून बसलेत.

दरवर्षी, दर गुरुवारी हे असंच. मी इतकी वर्षं त्यातच बसते आणि कधी दिसलं नाही. आणि त्या दिवशी? त्या दिवशी आम्ही पाहुणे यायचे म्हणून सगळं मिटवून ठेवलं होतं! पोरीने आमचा हॉल तपासलाच नाही. आमचा आवरलेला हॉल तपासला.

मी पिठाच्या हातानेच फोन लावला. म्हटलं, लारिसा, आत्ताच्या आत्ता ये, कुणाला सांगू नकोस.

गाडी दिसली मात्र, स्टेफा ओरडली, "अगं पोतं काढा! दार लावा! सॉसेज—" मी जाऊन त्या पोत्यावर बसले. बसलेच. म्हटलं, मला उचलून दाखव आधी.

स्टेफाचा चेहरा लालबुंद. "परान्या, लोकांसमोर असं उघडं स्वयंपाकघर दाखवायचं? आपली काही इज्जत?"

लारिसा दारातच उभी. आधी पोत्याकडे बघितलं, मग हीटरच्या बटणाकडे, मग वर पंख्याकडे. आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हणाली, "स्टेफा मावशी, मला असंच बघायचं होतं गं. कुणी काही हलवू नका. पिरोही करत राहा."

स्टेफाने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि पिठाचा गोळा पुढे केला. "मग नुसती उभी राहू नकोस. चिमट."

लारिसाबरोबर आलेली मारिसेल सगळं मोजत फिरली नि मधूनमधून चिमटतही होती. तिची कड येवकाहून सुबक. हे येवकाला कोणी बोललं नाही, पण तिने बघितलं.

२ मार्च, रविवार

समितीची बैठक. मी शेवटच्या रांगेत, शेजारी बोहदान, मांडीवर बॉयलरची कागदं.

लारिसाने उभं राहून सांगितलं. हीटरचं बटण दारापासून हलवा, हॉलच्या मधोमध लावा. चुलीच्या पंख्याला गती कमी-जास्त करायची सोय करा. त्याला ताजी हवा मिळेल असा पाइप भिंतीतून आणा, म्हणजे दार उघडायला नको, वाफही जाईल. दोन अर्धे रिकामे फ्रीजर कशाला, एकच भरून चालवा. आणि ती चिकटपट्टी काढा. बायांचं काम तसंच राहील, एकही पिरोही कमी नाही. हे ती स्टेफाकडे बघून म्हणाली.

नेस्टरने चष्मा वर केला. "आणि नवा बॉयलर?"

"नको. आहे तो चांगला आहे."

मी बोहदानकडे बघितलंच नाही. त्याची कागदं वाजली तेवढी ऐकली.

नेस्टर म्हणाला, आजवर या हॉलात जो कुणी बॉयलर बघायला आला तो बॉयलर विकूनच गेला, न विकता जाणारी ही पहिलीच. आणि समितीला विचारलं, पोरीचे पैसे द्यायचे ना? सगळे हात वर. विकायचं पुढे ढकललं — वर्षभर बघू म्हणाले.

घरी येताना बोहदान एवढंच बोलला, "एक बॉयलर गेला, आई." रागावलेला नव्हता. विचारात होता. त्याचा बाप असाच करायचा, हनुवटी खाजवत.

२७ मार्च, गुरुवार

पिरोही केल्या. मागचं दार बंद! स्टेफा म्हणते, वारा नाही तर चवही नाही. थापा मारते. तिनेच जास्त खाल्ल्या.

९ एप्रिल, बुधवार

नेस्टरने जिथे तिथे सांगितलंय. शाळांच्या कचेरीतून दोन बाया आल्या, लारिसाला भेटायला, माझ्याच स्वयंपाकघरात — तिचं ऑफिस म्हणजे गाडी! मी सगळ्यांना बीटचं सूप वाढलं, बोहदानलाही. सगळ्या शाळांची तपासणी द्यायची म्हणाल्या. पण एक अट. जो तपासेल, त्याच्या घरचा कुणी त्या शाळांना यंत्रं विकणार नाही. बाप-लेकीने ठरवा म्हणाल्या.

सगळ्या शाळांचे बॉयलर. बोहदानने आयुष्यभर तेवढी वाट बघितली. लारिसा बशीकडे बघत बसली.

बोहदान म्हणाला, "बॉयलर दुसरा कुणी बसवेल."

मग लेकीला विचारलं, मी काय करू?

"आमची शिडी धरा, बाबा," लारिसा म्हणाली.

त्या बाया सह्या घ्यायला परत येणार आहेत. ईस्टरनंतरच्या बुधवारी.