एक, दोन, तीन – तिन्हींना बारा

११ ऑगस्ट, सोमवार
आज गीतांजलीला भर वर्गात झापलं. अकरावीची, रोज तिवशाहून एसटीने अमरावतीला येणारी पोर. फळ्यावर घनसमीकरण दिलं होतं:
x³ − ६x² + ११x + ६ = ०
"सर, एकही आकडा लागून नाई राहिला."
म्हटलं, "वीस वर्षं हेच गणित देऊन राहिलो मी. तुले जमत नसन तं आर्ट्सले जा! घरून करून आण."
पोरं हसली. मला बरं वाटलं – इथे खोटं कशाला लिहू?

१२ ऑगस्ट
चूक माझी! शेवटी वजा सहा हवे होते, मी अधिक लिहिले. बसवून पाहिलं – एक, दोन, तीन, तिन्हींना बारा. शून्य कुठेच नाही. पोरगी बरोबर होती.
वर्गात सांगणारच होतो. गृहपाठाच्या वह्या गोळा केल्या, खडू उचलला आणि पुढचा धडा सुरू केला.

१३ ऑगस्ट
आजही नाही सांगितलं.

१४ ऑगस्ट
निदान ते चुकलेलं समीकरण तरी सोडवू म्हटलं. दोन तास बसलो. नाही सुटलं! जाड पुस्तकातलं सूत्र काढलं – घनमुळाच्या पोटात वर्गमूळ. तिथेच अडकलो.
आम्ही मास्तर लोक गणित उलटं बनवतो. आधी उत्तरं ठरवायची – एक, दोन, तीन – मग कंस गुणून समीकरण तयार. वर्गात थोडं डोकं खाजवायचं, "चला, एक टाकून पाहू" म्हणायचं, की झालं शून्य! पोरं खूश. वीस वर्षांत उत्तर ठाऊक नसलेलं एकही समीकरण मी सोडवलेलं नाही. लाज वाटते. वह्यांच्या गठ्ठ्याला हात लावायची हिंमत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
गीतांजलीचा बाक रिकामा. तिची मैत्रीण प्राजक्ता म्हणाली, "सर, गीतू आर्ट्सले जाऊन राहिली. शुक्रवारी फॉर्म देते."

१९ ऑगस्ट
तिवशाला जाऊन आलो. तिचे वडील पंजाबराव वावरातून धावतच आले. "सर सोता घरी आले!" गडी नुसता हरखला होता. मी गीतांजलीचा विषय काढला, तर म्हणाले, "आमाले काय समजते सर? तुमी म्हनले नाई जमत, तं नसन जमत."
इथेच सांगायचं होतं. मी चहा प्यायलो!
गीतांजलीनं पाणी आणून ठेवलं. हळूच विचारलं, "माही वही पाह्यली काय सर?"
"हो," म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. गठ्ठा कपाटावर तसाच आहे.
ती आत गेली.

२० ऑगस्ट
आज वही उघडली. "−०.४ ला शून्याच्या वर, −०.५ ला खाली. म्हणून मधे शोधलं. उत्तर −०.४३५ च्या जवळ." सुटलं होतं!
खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात – "सर, शेवटी वजा पाहिजे होता का? मग १, २, ३ येतात. वर्गात म्हटलं नाही. पोरं तुम्हाला हसली असती."
तारीख ११ ऑगस्ट.
इतके दिवस ती वाट पाहत होती. आणि काल मी तिला "हो" म्हणालो.