वडखळला अडलेला नवस

पनवेल,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. रूबीताईस,
मनासेचा कृ. सा. न. वि. वि. आणि शालोम.

तुझे कान फोनवर रुसल्यापासून आपल्याला पुन्हा पत्रं लिहावी लागतात, हे एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी जेवलीस का विचारायचो आणि तू मला इस्रायलचं हवामान सांगायचीस. आता तुझी नात नोआ तुझ्या पत्राचा फोटो पाठवते, मी माझ्या पत्राचा पाठवतो, आणि तिला मराठी वाचता येत नसल्यामुळे आपल्याला तिच्याबद्दलही मोकळेपणी लिहिता येतं.

आता मुद्द्याचं. पपांच्या गाडीला गिऱ्हाईक आलंय. आधी तुला विचारायला हवं होतं, कबूल, पण रागावण्याआधी पुढचं वाच. आपलं घर शेवटी बिल्डरला द्यायचं ठरलं. आळीतल्या बाकीच्यांच्या सह्या कधीच झाल्या होत्या, मीच अडून बसलो होतो. नव्या इमारतीत मला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळतील, पण शेड नाही. तिथे गाड्या लोखंडी पाळण्यात एकावर एक चढवून ठेवतात. पपांची अठ्ठावन्न सालची अल्फा रोमिओ, तिच्या डोक्यावर कुणाची तरी धुळकट जीप, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

शेजारच्या दिपिकाने इंटरनेटवर जाहिरात टाकून दिली. विकणे आहे एवढं मी तिला सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासत बसलो. आठवड्याभरात गव्हाणचे काशिरामशेठ आले. त्यांचा ट्रेलरचा धंदा आहे आणि जुन्या मोटारींचा नाद. दोन माणसांची, उघड्या टपाची असली इटालियन स्पोर्ट्स कार त्यांनी फक्त चित्रात पाहिली होती. पपांच्या कंपनीतला इटालियन इंजिनिअर मायदेशी जाताना ती पपांच्या हवाली करून गेला, हे ऐकून ते गहिवरले. आणि गंमत म्हणजे, शेडमध्ये शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. मला माणूस तिथेच आवडला.

पण पपांनी गाडी आपल्या दोघांना ठेवली आहे. तुझ्या होकाराशिवाय मी शब्द देणार नाही. आणि खंडाळ्याचा नवस राहिलाय, त्याचं काय करायचं तेही तूच सांग.

औषधं वेळेवर घे. लहान भावावरचा लोभ कानांसारखा कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
मनासे

---

अश्दोद,
२० नोव्हेंबर २०२५

चि. मनासेस,
अ. उ. आ.

गाडी विकून टाक. एवढं लिहून पत्र संपवणार होते, पण नोआ म्हणते की एका ओळीचा फोटो काढायला ती खोलीतून उठून येणार नाही.

अरे, तू एकाहत्तर वर्षांचा झालास. रिटायर झाल्यापासून त्या गाडीखाली झोपतोस. इटलीहून एकेक सुटा भाग मागवलास, एवढे लाड तू तुझ्या बायकोचेही केले नव्हतेस, बिचारी जाईपर्यंत कधी बोलली नाही. आता गाडी चालते, गव्हाणपर्यंत जाऊन येते, तर तिला चांगल्या घरी पाठव. चपला काढणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही.

नवसाचं म्हणशील, तर तो मी विसरलेली नाही. टायफॉइडने मी मरायला टेकले होते आणि पपा माझ्या उशाशी बसून बोलले होते, की पोर उठली तर तिला याच गाडीत बसवून अलिबागजवळच्या खंडाळ्याला नेईन. एलियाहू हन्नाबी प्रेषिताचा रथ तिथल्या कातळावरून आभाळात गेला, घोड्यांच्या टापांच्या खुणा अजून आहेत, तिथे गोड पोह्यांचा मलिदा करीन. मी उठले. आम्ही निघालोही. वडखळला गाडीने मान टाकली आणि बैलगाडीला बांधून तिला पनवेलला परत आणलं. मग माझं लग्न, मग इकडे येणं, मग पपाच गेले. आई गेली तेव्हा आले होते, त्या वेळी गाडी विटांवर उभी होती.

आता मी येणं शक्य नाही. गुडघे वाळूने भरल्यासारखे झालेत, आणि माझी मुलगी मला भाजीबाजारालाही एकटी सोडत नाही. तू एकटाच जा. मलिद्याचं ताट माझ्या सीटवर ठेव, नीट बांधून, नाहीतर पोहे पेणपर्यंत सांडत जातील. हन्नाबी समजून घेईल.

थंडीत उघड्या गाडीत कानाला मफलर बांध. आपल्या दोघांत निदान एकाचे कान तरी टिकायला हवेत.

तुझी,
रूबी

---

पनवेल,
१ डिसेंबर २०२५

ती. रूबीताईस,
कृ. सा. न. वि. वि., शालोम.

तुझ्या परवानगीप्रमाणे काशिरामशेठना होकार कळवला. परवा शनिवारी त्यांनी बयाणा फोनवरून पाठवला. मग ते घरी आले तेव्हा नवसाचंही सांगितलं. मला वाटलं होतं की हा व्यवहारी माणूस हसेल. पण ते खुर्चीवरून उठलेच. त्यांचं म्हणणं, नवस ऱ्हायलेली गारी आमी नेली तर ती आमच्या दारात सुखानं उभी ऱ्हानार नाय. त्यांच्या बायकोने, भामाबाईंनी, तर मला फोनवरूनच बजावलं की आधी देवाचं, मग आमचं, आमाला घाई नाय. नवस म्हणजे काय हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तू म्हणतेस मी एकटा जाऊ. रविवारी गाडी काढली, रिकामं ताट तुझ्या सीटवर ठेवून पाहिलं आणि फाटकातूनच परत आत आणली. ताई, आता लिहूनच टाकतो. मला गाड्यांचं वेड नाही. लोक समजतात, तूही समजतेस, मी समजू दिलं. तो नवस तुला त्या गाडीत बसवून फेडायचा होता. गाडी शेडमध्ये आहे तोवर तुला एकदा तरी यावंच लागेल, असं मी मनाशी धरून बसलो होतो. म्हणून ती भंगारात दिली नाही, म्हणून तिच्याखाली झोपलो. आता ती गेली की तुला पनवेलला बोलावण्यासारखं माझ्याकडे काही उरत नाही. आपली भेट मग व्हायची नाही, हे मला स्वच्छ दिसतं.

तुझे गुडघे मला कळतात. तुझी लेक काळजीने अडवते तेही कळतं. तेव्हा हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. मी जाईन एकटा. फक्त लगेच जमेल असं वाटत नाही.

बाकी ठीक. हनुक्काच्या सणासाठी सिनेगॉगमध्ये दिवे घासायला मी आणि आणखी दोघं म्हातारे, एवढीच फौज आहे.

आहे तेवढी माया अशीच राहू दे.

मनासे

---

अश्दोद,
९ डिसेंबर २०२५

चि. मनासेस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी भांडणाचं लिहिते.

शनिवारी बयाणा घेतलास? शब्बाथच्या दिवशी? आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे तरी शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून कोकणात लोक आपल्याला शनिवार तेली म्हणायचे. त्या घराण्यात जन्मून तू पपांची गाडी शनिवारी विकलीस आणि वर मला वारासकट लिहून कळवतोस! आपण होऊन फोनवर आला असेल, तू हात लावला नसशील, हे मला सांगू नकोस. असला व्यवहार मी मानत नाही. गाडी अजून विकली गेलेली नाही. बयाणा परत कर आणि त्या भल्या माणसाला सांग की आमच्या घरात मोठी बहीण अजून जिवंत आहे.

हे लिहिलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मीच चमकले. गाडी विक असं पहिल्या ओळीत लिहिणारी मी, पण ती विकलेली नाही म्हणताना रडत होते. नोआने विचारलं काय झालं, तर तिला सांगितलं की कांदा चिरत होते. हातात पेन होतं.

दोन फेब्रुवारीला झाडांचा सण आहे, खंडाळ्याला हन्नाबीचा उरूस भरेल. मी येते. लेकीशी भांडून झालं आहे, शेवटी नोआने मध्यस्थी केली, ती मला विमानात बसवील. मुंबईला उतरवून घ्यायला तू ये. त्या गाडीतून नको, माझी बॅग तीत मावणार नाही.

विकायची की नाही ते खंडाळ्याहून परत आल्यावर बघू.

पोहे जाडे आण. ओलं खोबरं बाजारातलं किसलेलं चालणार नाही.

तुझी,
रूबी

---

पनवेल,
१८ जानेवारी २०२६

ती. रूबीताईस,
कृ. सा. न. वि. वि., शालोम.

घाईघाईत लिहितो, कारण तुझी खोली झाडायची आहे आणि मी दिवसातून चार वेळा झाडतो असं दिपिका सगळ्यांना सांगत फिरते.

बयाणा परत केला. काशिरामशेठ आधी घाबरले, मग कारण ऐकून खूश झाले. ज्या घरात वार पाळतात त्या घरची वस्तू खोटी निघत नाय, असं भामाबाईंचं मत पडलं. तू येऊन जाईपर्यंत ते थांबणार आहेत. उलट खंडाळ्यापर्यंत आपला रिकामा ट्रक मागे ठेवतो म्हणाले. मी म्हटलं गरज नाही, गाडी एकदम ठणठणीत आहे. पण ते ऐकत नाहीत. त्यांना गाडीची काळजी आहे, माझ्या ड्रायव्हिंगचा अपमान नाही, असं मी समजून घेतलंय.

तुझ्या सीटची स्प्रिंग बदलली. दार जरा जोराने ओढावं लागतं. बाकी सगळं तयार आहे. तू खरंच येतेयस ना, एवढं एकदा पुन्हा कळव.

वाट पाहणारा,
मनासे

---

अश्दोद,
२२ फेब्रुवारी २०२६

चि. मनासेस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. बॅगेतल्या सुक्या बोंबलांनी विमानतळावर माझी अब्रू घेतली, पण पोचले ते पोचलेच.

नोआ रोज विचारते की खंडाळ्याला काय झालं. मी तिला असं सांगते. चुकत असेन तर कळव, ऐकणार नाही.

ठणठणीत गाडी पेणपर्यंत झोकात गेली. माझ्या मांडीवर मलिद्याचं ताट, तुझ्या कानाला मफलर, आणि रस्त्यातली पोरं मोबाइल काढून आपले फोटो घेत होती. मग वडखळ आलं. त्याच नाक्यावर, बहुतेक त्याच झाडाखाली, तिने पुन्हा मान टाकली. तू बॉनेट उघडून उभा राहिलास आणि तुझी पाठ अगदी पपांसारखी दिसली. मला हसूच आवरेना, आणि तुझं तोंड पाहवेना. काशिरामभाऊ मागून पळत आले. त्यांनी गाडी ट्रकवर चढवायची तयारी केली आणि आपल्याला पुढे ड्रायव्हरशेजारी बसायची विनंती केली. मी उतरले नाही. नवस गाडीत बसून जायचा आहे, गाडीने स्वतः चालायचं असं पपा काही बोललेले नाहीत, हे मी त्यांना पटवून दिलं. मग त्या भल्या माणसाने आपल्यासकट गाडी ट्रकवर ओढून घेतली, चारी चाकं साखळ्यांनी बांधली आणि पोयनाडवरून आपली वरात निघाली. एवढ्या उंचावरून मी कार्ल्याची खिंड कधी पाहिली नव्हती. हन्नाबीचा रथ याहून काय वेगळा असेल. आणि तू स्टिअरिंग सोडलं नाहीस. प्रत्येक वळणावर वळवत होतास, ट्रकने ब्रेक मारला की तूही मारत होतास. नोआला हे खोटं वाटतं. तिला मी सांगितलं की माझा भाऊ पन्नास वर्षं असाच चालवत आला आहे.

कातळावर लोकांनी आपल्याला जागा करून दिली. तू गाडीच्या किल्ल्या ताटाशेजारी ठेवल्यास आणि प्रार्थना झाल्यावर तशाच काशिरामभाऊंच्या हातात दिल्यास. सोमवार होता, तेव्हा माझी हरकत नव्हती. त्यांनी प्रसाद आधी घेतला, किल्ल्या मग, हे मला फार आवडलं.

आता एक तुला माहीत नसलेलं सांगते. नवस फिटला म्हणताना तुम्ही सगळे खूश होतात, आणि मला एकाएकी भीती वाटली. इतकी वर्षं काहीतरी राहिलं होतं. त्या राहिलेल्याच्या जोरावर तू वाट पाहिलीस आणि मी येऊ शकले. आता गाडी गव्हाणला, घर पाडायला निघालेलं, नवस फिटलेला. म्हणजे आपल्या दोघांत राहिलेलं असं काहीच नाही. म्हणून तुम्ही खाली गाडीभोवती फोटो काढत होतात तेव्हा मी खाली बसले, गुडघे ओरडले तरी बसले, आणि त्या टापांना हात लावून नवा नवस बोलले. मनासे माझ्या घरी आला, तर माझ्या घरात मलिदा करीन. पोहे पनवेलचेच असतील आणि ते त्याने स्वतः आणायचे.

नवस मी बोलले आहे, पण फेडणं तुझ्याशिवाय होणार नाही. तेव्हा तोवर मला काही होऊ शकत नाही, आणि तुलाही होऊन चालणार नाही. पासपोर्ट काढायला टाक.

येताना लोभ बरोबर आण, बॅगेत पोह्यांच्या खाली मावेल.

तुझी,
रूबी

ता. क. गाडीतूनच यायचं असं या वेळी बोललेले नाही. विमानाने आलास तरी चालेल.