मार खाल्ला दादाने

लोअर हट, ५ ऑगस्ट २००७

दादा, तुला आणि वहिनीला जय भीम.

तुझ्या भाच्याला जरा समजाव. मिलिंद मला म्हणतो, "आई, इथं येऊन ते कशाला उकरतेस?" मी कुठं उकरलं? अस्मिताच्या शाळेतल्या बाईंनी विषय काढला. इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या पोरांना घरची भाषा बोलली म्हणून पूर्वी शाळेत छड्या मारायचे. बाई गोऱ्या, पण सरळ शिकवतात, झाकत नाहीत. वर म्हणाल्या, तुमच्या आजी-आजोबांनी येऊन त्यांच्या शाळेचं सांगावं.

अस्मिताने विचारलं, "आजी, तू शाळा का सोडलीस?" मी सांगितलं. वरून पाणी ओतणारा शिपाई आला नव्हता, मी तहानेनं रडत होते, तू माठात गडू बुडवलास. गुरुजींनी तुला बडवलं, माठ फोडला. आईनं मला परत पाठवलंच नाही. ऐकून पोर जेवली नाही.

मिलिंद म्हणतो, वर्गात दोन मराठी मुलं आहेत, त्यांच्या घरी आपली जात कळेल. आणि मामांना लाज वाटेल.

मी बरी आहे, इथं आत्ता हिवाळा, थंडी तेवढी हाडात शिरते. वहिनीचा गुडघा कसा आहे?

गुरुवारी तेवीसला शाळेत जायचंय. मी मराठीत बोलणार, अस्मिता इंग्रजीत सांगणार. मिलिंद घरी असला की फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिलं. लाज वाटायला हवी ती गुरुजीला. पण मार तू खाल्लास. तुझं नाव घेऊन सांगू की नको, ते बुधवारी बावीसला सकाळी फोन करून सांग. मीच उचलीन.

तुझी धाकटी,
कौसल्या